परळच्या ल्यूसीबाई : डॉ. ल्यूसी विल्स (१८८८–१९६४)

घरात सुनेला किंवा लेकीला दिवस गेल्याचे कळले की पहिल्याच तपासणीत डॉक्टर एक बारीकशी गोळी लिहून देतात. पुढे तिसरा महिना सरला की तिच्या जागी सरकारी दवाखान्यातून लाल गोळी मिळू लागते. या लाल गोळीत दोन औषधे असतात. एक लोह, आणि दुसरे फॉलिक अ‍ॅसिड. लोह म्हणजे काय हे कुणाला सांगावे लागत नाही. दुसरे नाव मात्र आपण कागदावर वाचतो, दुकानदाराला दाखवतो आणि घरी येईपर्यंत विसरतो.

या दुसऱ्या औषधाचा माग सुमारे शंभर वर्षांपूर्वी मुंबईत, परळला लागला. ज्या गिरणगावाशी आपल्यापैकी कित्येकांच्या आजोळचे नाते आहे, ज्याच्या शेजारच्या लालबागला गणपतीत सारा महाराष्ट्र लोटतो, त्याच गिरणगावातल्या गरीब बायकांच्या दुखण्यातून हा शोध निघाला. शोध लावणारी बाई इंग्रज होती, अविवाहित होती, आणि डॉक्टर होऊनही तिने स्वतंत्र दवाखाना कधी थाटला नाही. यंदाच्या स्मरणिकेसाठी आम्ही तिचेच चरित्र निवडले आहे. नाव डॉ. ल्यूसी विल्स. आम्ही त्यांना ल्यूसीबाई म्हणणार आहोत. मुंबईसाठी त्यांनी जे केले ते पाहता एवढी सलगी वाचक चालवून घेतील.

ल्यूसीबाईंचा जन्म १० मे १८८८ रोजी इंग्लंडात बर्मिंगहॅमजवळच्या सटन कोल्डफील्ड या गावी झाला. घराणे सुखवस्तू आणि विद्याव्यासंगी. विळे, कोयते अशी धारेची अवजारे बनवण्याचा कुटुंबाचा कारखाना होता. वडील विज्ञानाचे पदवीधर होते आणि आई एका डॉक्टरची एकुलती एक मुलगी. पुढे एक भाऊ भूगर्भशास्त्राचा नामवंत प्राध्यापक झाला. अशा घरात मुलीनेही शिकावे याला कुणाची आडकाठी नव्हती. चेल्टनहॅमच्या मुलींच्या नामांकित शाळेतून त्या १९०७ साली केंब्रिजच्या न्यूनहॅम कॉलेजात गेल्या. तिथे वनस्पतिशास्त्र आणि भूगर्भशास्त्र हे विषय घेऊन १९११ पर्यंत त्यांनी परीक्षा पार पाडल्या. पण पदवी मिळाली नाही. केंब्रिज विद्यापीठ त्या काळी मुलींना वर्गात बसू देई, परीक्षाही देऊ देई, पण पदवी देत नसे. ही रीत १९४८ सालापर्यंत चालू राहिली. म्हणजे ल्यूसीबाई नोकरीतून निवृत्त झाल्या तोवरही केंब्रिजने आपली अट सोडली नव्हती.

त्याच १९११ साली वडील वारले. दोन वर्षांनी थोरली बहीण ऐन सव्विसाव्या वर्षी गेली. पाठोपाठच्या या दोन आघातांनंतर ल्यूसीबाई आईबरोबर सिलोनला जाऊन आल्या, आणि १९१४ साली भावासह दक्षिण आफ्रिकेत गेल्या. तिथे असतानाच पहिले महायुद्ध पेटले. भाऊ सैन्यात भरती झाला. ल्यूसीबाईंनी काही आठवडे केपटाउनच्या एका इस्पितळात शुश्रूषेचे काम केले. दगड आणि पाने यांचा अभ्यास केलेल्या या मुलीने इंग्लंडात परतताच, जानेवारी १९१५ मध्ये, लंडनच्या स्त्रियांसाठीच्या वैद्यकीय महाविद्यालयात नाव घातले. हे महाविद्यालय रॉयल फ्री इस्पितळाशी जोडलेले होते. १९२० साली, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, त्या डॉक्टर झाल्या.

डॉक्टर झाल्यावर त्यांनी प्रयोगशाळेची वाट धरली. रॉयल फ्री इस्पितळात गरोदरपणातील शरीरातले बदल या विषयावर त्या संशोधन करू लागल्या आणि विद्यार्थिनींना शिकवू लागल्या. आठ वर्षे हे काम चालले. मग हिंदुस्थानातून बोलावणे आले.

बोलावणाऱ्या होत्या डॉ. मार्गारेट बाल्फोर. हिंदुस्थानातील स्त्रियांच्या वैद्यकीय सेवेत त्यांचे आयुष्य गेले होते. बाळंतपणात दगावणाऱ्या बायकांची चौकशी करण्याचे काम त्यांनी हाती घेतले होते. मुंबईत अनेक गरोदर बायका एका विशिष्ट पांडुरोगाने, म्हणजे रक्तक्षयाने, खंगून मरत असल्याचे त्यांच्या ध्यानात आले होते. जुन्या बायका अशा बाईकडे पाहून तिच्या अंगात रक्तच राहिले नाही असे म्हणत, आणि ते शब्दशः खरे होते. चेहरा पांढराफटक, पायांवर सूज, चार पायऱ्या चढल्या तरी धाप. बाळंतपण जवळ आले की कधी मूल जाई, कधी आई, कधी दोघेही. या रोगाचे मूळ शोधून काढण्यासाठी ल्यूसीबाईंना मुंबईला आणले गेले. खर्चाला इंडियन रिसर्च फंड असोसिएशन आणि लेडी टाटा स्मारक न्यास यांचे पाठबळ होते. कामाची जागा ठरली परळची हाफकिन इन्स्टिट्यूट, म्हणजे मुंबईच्या गव्हर्नरांचा जुना बंगला. प्लेगच्या लशीसाठी ही वास्तू आपल्याकडे प्रसिद्धच आहे.

ते साल होते १९२८. त्याच साली मुंबईच्या गिरण्यांचा सहा महिन्यांचा मोठा संप झाला. ज्या चाळींतून या बायका इस्पितळात येत, तिथल्या चुलीची त्या वर्षी काय अवस्था असेल हे वेगळे सांगायला नको.

आता रोगाकडे वळू. अंगात लोह कमी पडले की रक्तातील तांबड्या पेशी लहान आणि फिकट होतात. मुंबईच्या या बायकांच्या रक्ताचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली धरला की उलटेच दिसे. पेशींची संख्या फार कमी, पण उरलेल्या पेशी नेहमीपेक्षा मोठ्या. असे चित्र डॉक्टरांना एका दुसऱ्या रोगात माहीत होते. त्याला पर्निशस अ‍ॅनिमिया, म्हणजे घातक पांडुरोग, म्हणत. तो मुख्यतः युरोप-अमेरिकेतल्या उतारवयाच्या माणसांना होई. १९२६ साली बॉस्टनच्या मायनॉट आणि मर्फी या डॉक्टरांनी त्यावर उपाय शोधला होता. रोज भरपूर काळीज, म्हणजे जनावराचे यकृत, खायला घालायचे. त्या शोधाला पुढे १९३४ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

मग मुंबईच्या बायकांना काळीज द्यावे, एवढेच उरत होते का? ल्यूसीबाईंना तसे वाटले नाही. पहिली गोष्ट, पर्निशस अ‍ॅनिमियाच्या रोग्याच्या जठरात आम्ल तयार होत नाही. या बायकांच्या जठरात ते होत होते. म्हणजे रक्ताचे चित्र सारखे असले तरी रोग एकच आहे असे म्हणता येईना. दुसरी गोष्ट त्याहून मोठी. काळजाचा अर्क महाग होता. ज्या घरात दोन वेळच्या भाकरीची भ्रांत, तिथे तो रोज आणणार कोण? आणि जी बाई आयुष्यात मांसाला शिवली नाही, तिला काळीज खा म्हणून सांगणार कसे?

इथे ल्यूसीबाईंचे वेगळेपण दिसते. प्रयोगशाळेत बसून जंतू शोधण्याच्या त्या काळात त्यांनी जंतूंचीही तपासणी केली, पण त्याबरोबर बायका खातात काय, राहतात कशा, हेही विचारायला सुरुवात केली. तळपदे या सहकाऱ्याबरोबर त्यांनी मुंबईतल्या निरनिराळ्या थरांतील बायकांच्या आहाराची आणि राहणीची पाहणी केली. मेहता, बिलिमोरिया अशी आणखीही मुंबईकर नावे त्यांच्या संशोधन-निबंधांवर त्यांच्या नावाशेजारी छापलेली आहेत. मराठी वाचकाने ही नावे विसरू नयेत, कारण बाहेरून आलेल्या विदुषीला चाळीतल्या बाईपर्यंत पोचवायला इथलीच माणसे लागतात.

पाहणीतून निष्पन्न झाले ते असे. ज्यांचा आहार सर्वांत निकृष्ट, त्यांच्यातच या रोगाचे प्रमाण सर्वांत जास्त. शहरातल्या गरीब मुसलमान बायका या दोन्ही बाबतींत सर्वांत पुढे होत्या. अन्नातच काहीतरी कमी पडत आहे असा ल्यूसीबाईंचा कयास झाला. पण अन्नात शेकडो पदार्थ असतात. कमी काय आहे?

उंदरांवर प्रयोग सुरू झाले. मुंबईच्या गरीब बायका जे खात, तसाच आहार उंदरांच्या माद्यांना दिला. गाभण माद्यांचे रक्त कमी झाले आणि पुष्कळशा विण्याआधीच मेल्या. आहारात यीस्ट घातले की त्या वाचत. उत्तर हाती आले असे वाटले. पण पुढे कळले की उंदरांच्या रक्तक्षयात उवांमुळे पसरणाऱ्या एका जंतूचाही हात होता. एवढ्या कष्टाने उभा केलेला पुरावा डळमळीत झाला. दुसरे कुणी असते तर हिरमुसले असते. ल्यूसीबाईंनी उंदीर बाजूला ठेवले आणि माकडे घेतली. मधल्या काळात, १९२९ च्या एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत, त्यांनी आपला मुक्काम निलगिरीतील कुन्नूरच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये हलवला होता. आहारशास्त्रातले मोठे नाव डॉ. रॉबर्ट मॅककॅरिसन यांचे तिथे काम चाले. १९३१ च्या सुरुवातीला मद्रासच्या एका स्त्री-रुग्णालयातही त्यांनी रुग्ण तपासले.

माकडांना गरिबांच्या आहाराइतकाच निकृष्ट आहार दिल्यावर त्यांच्या रक्तातही तशाच मोठ्या पेशी दिसू लागल्या. अशा एका खंगलेल्या माकडाला, बाकीचे उपाय थकल्यावर, ल्यूसीबाईंनी मार्माइट चाटवले असे सांगतात. मार्माइट म्हणजे बिअर गाळून झाल्यावर उरलेल्या यीस्टचा काळसर, खारट, दाट अर्क. इंग्लंडात लोक तो पावाला लावून खातात. किंमत अगदी थोडी. ते माकड झपाट्याने सुधारले.

आणि माणसांत? रक्त आटलेल्या गरोदर बायकांना मार्माइट दिल्यावर काही दिवसांतच रक्तात कोवळ्या, नव्या पेशी दिसू लागत. पाठोपाठ तांबड्या पेशींची संख्या चढे, भूक लागे, चेहऱ्यावर रंग येई. १९३१ साली ल्यूसीबाईंनी हा वृत्तान्त ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध केला. जी गोष्ट नाश्त्याच्या टेबलावर पावाशेजारी पडलेली असे, तिने मरणाच्या दारातली बाई परत आणली. औषध स्वस्त होते, वनस्पतीसारखेच निरामिष होते, आणि चमच्याने घेता येत होते. रोग्याला परवडेल तेच खरे औषध, हा ल्यूसीबाईंच्या कामाचा कणा होता, आणि मुंबईत तो सिद्ध झाला.

पण मार्माइटमध्ये नेमके काय होते? ते त्यांना कळले नव्हते. एवढे मात्र त्यांनी पक्के केले की ती गोष्ट नवी आहे. काळजाचा साधा अर्क दिला तर मुंबईच्या बायका बऱ्या होत. तोच अर्क शुद्ध करकरून दिला तर पर्निशस अ‍ॅनिमियाचे रोगी बरे होत, पण मुंबईचा रोग हटत नसे. म्हणजे काळजात दोन वेगवेगळ्या गुणकारी वस्तू असल्या पाहिजेत, आणि शुद्ध करताना त्यांतली एक निघून जात असली पाहिजे. सहकाऱ्यांसह १९३७ साली त्यांनी हे स्पष्टपणे मांडले. त्या निसटणाऱ्या वस्तूला लोक विल्स घटक म्हणू लागले. १९३७ च्या नोव्हेंबरात त्या पुन्हा दहा आठवड्यांसाठी हाफकिनमध्ये आल्या. या खेपेला आगबोटीऐवजी विमानाने, पाण्यावर उतरणाऱ्या त्या काळच्या विमानातून, साउदॅम्प्टनहून कराचीपर्यंत पाच दिवसांचा प्रवास करून.

दरम्यान जगाच्या निरनिराळ्या प्रयोगशाळांत हाच पदार्थ निरनिराळ्या नावांनी सापडत होता. कुणाला माकडांच्या आहारात सापडला, कुणाला कोंबडीच्या पिलांच्या, कुणाला दुधातल्या जंतूंच्या वाढीत. १९४१ साली अमेरिकेत टेक्सस येथे मिचेल, स्नेल आणि विल्यम्स यांनी सुमारे चार टन पालकातून तो वेगळा काढला. लॅटिनमध्ये पानाला फोलियम म्हणतात, त्यावरून त्याचे नाव फॉलिक अ‍ॅसिड पडले. पानात सापडले म्हणून पानाचे आम्ल, इतके साधे नाव. त्यापासून आणि त्याच्या भाईबंदांपासून बनलेल्या कुळाला फोलेट म्हणतात.

तो कारखान्यात बनवता येऊ लागला १९४५ साली, न्यूयॉर्कजवळच्या लेडर्ले प्रयोगशाळेत. तिथल्या संशोधनाचे प्रमुख होते आंध्रातल्या भीमावरमला जन्मलेले डॉ. यल्लाप्रगडा सुब्बाराव. हैदराबादकडच्या आपल्या मंडळींना हे नाव नवे नाही. त्यांचे भाऊ तरुणपणीच स्प्रू या आतड्याच्या रोगाने गेले होते, आणि स्प्रूमध्येही अन्नातले फोलेट अंगी लागत नाही. परळच्या इंग्रज बाईने ज्याचा माग काढला, ते औषध गोळीच्या रूपात जगाला दिले ते एका भारतीयाच्या हाताखालच्या मंडळींनी.

हे फोलेट शरीरात करते तरी काय, ते समजून घेऊ. बांधकामावर गवंडी भिंत रचतो आणि बिगारी त्याच्या हातात एकेक वीट देतो. बिगाऱ्याची वीट भिंतीत जाते; तो स्वतः भिंतीत बसत नाही. पण तो आला नाही तर भिंत थांबते. फोलेट हा आपल्या पेशीतला बिगारी आहे. त्याच्या हातातली वीट म्हणजे कार्बनचा एकच अणू. पेशी दुभंगून एकीच्या दोन व्हायच्या तर आधी तिच्या केंद्रातील डीएनएची पूर्ण नक्कल तयार व्हावी लागते. डीएनएच्या चार अक्षरांपैकी थायमीन हे अक्षर घडवताना कार्बनचा तो एक अणू फोलेट आणून देते. आणखी दोन अक्षरे, अ‍ॅडेनीन आणि ग्वानीन, यांच्या घडणीतही त्याचा हात असतो.

फोलेट संपले की नक्कल अर्धवट राहते. केंद्र पिकत नाही, पेशी दुभंगत नाही, पण भोवतालचा भाग मात्र वाढत राहतो. म्हणून पेशी मोठ्या आणि संख्येने थोड्या. ल्यूसीबाईंनी परळला सूक्ष्मदर्शकातून जे पाहिले त्याचे कारण हे. याचा फटका सर्वांत आधी रक्ताला बसतो, कारण हाडांच्या पोकळीतील मगजात दर सेकंदाला सुमारे वीस लाख तांबड्या पेशी नव्याने घडत असतात. आणि गरोदर बाईला तो जास्त बसतो, कारण तिच्या पोटात एक संपूर्ण माणूस एका पेशीपासून उभा राहत असतो. ताटात आधीच कमी, आणि त्यातून वाटेकरी आलेला.

मग काळजातली दुसरी वस्तू कोणती? ती १९४८ साली हाती लागली : जीवनसत्त्व बी-१२. दोघांचे नाते असे. एक काम उरकल्यावर फोलेट ज्या रूपात उरते, त्यातून त्याला मोकळे करून पुन्हा कामाला लावायचे तर बी-१२ लागते. बी-१२ नसेल तर फोलेट अंगात असूनही अडकून पडते. म्हणून दोन्ही रोगांत रक्ताचे चित्र सारखेच. यीस्टमध्ये फोलेट भरपूर, बी-१२ जवळजवळ नाही. शुद्ध केलेल्या काळजाच्या अर्कात बी-१२ राही आणि फोलेट निघून जाई. अकरा वर्षांपूर्वी ल्यूसीबाईंनी नुसत्या रोग्यांच्या रक्तावरून केलेले अनुमान तंतोतंत खरे ठरले.

ल्यूसीबाईंच्या आयुष्यात मात्र यामुळे गाजावाजा झाला नाही. दुसऱ्या महायुद्धात त्या लंडनमध्येच राहिल्या आणि तातडीच्या वैद्यकीय सेवेत पॅथॉलॉजिस्ट म्हणून काम करीत राहिल्या. १९४४ च्या जुलैमध्ये रॉयल फ्री इस्पितळावर उडता बॉम्ब पडला; काही दिवस त्यांच्या विभागाचे काम विस्कळीत झाले आणि मग पुन्हा सुरू झाले. युद्ध संपेपर्यंत त्याच इस्पितळात त्यांनी रक्तविकारांचा पहिला स्वतंत्र विभाग उभा केला होता. १९४७ साली त्या निवृत्त झाल्या. विल्स घटक हे नाव मागे पडून फॉलिक अ‍ॅसिड रूढ झाले, आणि त्या नावाबरोबर शोधणारीही मागे पडली.

निवृत्ती त्यांनी आरामखुर्चीत घालवली नाही. जमैका, फिजी, दक्षिण आफ्रिका अशा ठिकाणी जाऊन त्या आहार आणि रक्तक्षय यांचा अभ्यास करीत राहिल्या. आयुष्याच्या शेवटच्या दशकात लंडनच्या चेल्सी भागातून मजूर पक्षाच्या नगरसेविका झाल्या. त्यांना डोंगर चढण्याची आवड होती, बर्फावरून घसरत लांब पल्ले मारण्याची हौस होती, आणि कामावर त्या सायकलने जात. स्वभाव खेळकर, सहवास हवाहवासा. लग्न केले नाही. १६ एप्रिल १९६४ रोजी, पंचाहत्तराव्या वर्षी, त्या वारल्या.

त्यांच्या कामाचा सर्वांत मोठा अध्याय मात्र त्यांच्या पश्चात लिहिला गेला. १९६५ साली लिव्हरपूलच्या हिबार्ड आणि स्मिथेल्स या डॉक्टरांनी एक शंका मांडली. काही मुले जन्मतःच पाठीचा कणा उघडा असलेली, किंवा मेंदूची घडण अपुरी असलेली निपजतात. त्यामागे आईच्या शरीरातील फोलेटची गडबड तर नसेल? ही शंका तडीस जायला सव्वीस वर्षे लागली. ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन मंडळाने सात देशांतील तेहतीस केंद्रांत, आधी असे मूल झालेल्या मातांना फॉलिक अ‍ॅसिड देऊन पाहिले. १९९१ साली निकाल आला : पुढच्या खेपेस असे मूल होण्याचे प्रमाण ७२ टक्क्यांनी घटले. पुढे अमेरिकेने १९९८ पासून पिठात फॉलिक अ‍ॅसिड मिसळणे सक्तीचे केले. आपल्याकडे गरोदर बाईला लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक अ‍ॅसिड असलेली गोळी १८० दिवस द्यावी असे सरकारी धोरण आहे.

हे सारे वाचून घरात काय बदलायचे, एवढे सांगून आम्ही थांबतो. गर्भातील ज्या नळीपासून मेंदू आणि मज्जारज्जू घडतात, ती गर्भ राहिल्यापासून अवघ्या अठ्ठावीस दिवसांत बंद होते. म्हणजे पाळी चुकल्याचे ध्यानात येऊन, चाचणी होऊन, डॉक्टरकडे जाऊन पहिली गोळी पोटात जाईपर्यंत बहुतेक वेळा ते काम आटोपलेले असते. डोहाळजेवणाला हिरवी साडी नेसवतो तेव्हा तर सातवा महिना असतो. म्हणून मूल हवे असे ठरल्याबरोबर, गर्भ राहण्याआधी निदान महिनाभर, डॉक्टरांना विचारून फॉलिक अ‍ॅसिड सुरू करायचे असते. आपल्या घरांत ही गोष्ट लग्नाळू मुलीशी बोलायला थोरल्या बायकाही संकोचतात. हा संकोच सोडलेला बरा.

दुसरी गोष्ट शाकाहारी घरांसाठी. बी-१२ कमी असताना नुसते फॉलिक अ‍ॅसिड मोठ्या प्रमाणात घेत राहिले तर रक्त सुधारते आणि रोग बरा झाला असे वाटते. पण बी-१२ वाचून मज्जातंतूंची होणारी हानी आतल्या आत चालूच राहते. हातापायांना मुंग्या येतात, तोल जातो. बी-१२ दूध, अंडी, मांस यांतूनच मिळते, भाजीपाल्यातून नाही. म्हणून आपल्या मनाने वर्षानुवर्षे गोळ्या घेऊ नयेत. रक्त तपासून घ्यावे.

तिसरी गोष्ट स्वयंपाकघरातली. फोलेट पालेभाज्यांत, कडधान्यांत आणि शेंगदाण्यांत असते, पण ते पाण्यात विरघळते आणि उष्णतेने नासते. १९६० च्या सुमारास व्हिक्टर हर्बर्ट नावाच्या अमेरिकन डॉक्टरने स्वतःवरच प्रयोग केला. प्रत्येक पदार्थ तीन-तीनदा उकळून, पाणी फेकून, तेच अन्न तो खात राहिला. सुमारे साडेचार महिन्यांत त्याच्या रक्तात परळच्या बायकांसारख्याच मोठ्या पेशी दिसू लागल्या. भाजी उकळून तिचे पाणी ओतून देण्याची सवय असेल तर ती मोडावी. पाणी आमटीत घालावे.

१० मे २०१९ रोजी, ल्यूसीबाईंच्या १३१ व्या जयंतीला, गूगलने आपल्या मुखपृष्ठावर त्यांचे चित्र लावले. अनेकांनी त्यांचे नाव त्या दिवशी पहिल्यांदा वाचले. परळचा हाफकिनचा जुना बंगला अजून उभा आहे. कधी लालबागच्या दर्शनाला मुंबईस जाणे झाले तर वाट वाकडी करून बाहेरून तरी तो पाहून यावा.

आणि तेवढे जमले नाही तरी दोन दिवसांत गौरी येतील. माहेरवाशिणीच्या नैवेद्यात शेपूची भाजी आणि भाकरी असेल, ऋषिपंचमीला पालेभाज्यांची मिसळ होईल. ज्या पानावरून फोलेटला नाव मिळाले, ते पान आपल्या सणांच्या ताटात वाडवडिलांनी आधीच वाढून ठेवलेले आहे. माहेरवाशीण जेवायला बसली की तिला ती भाजी आग्रहाने वाढावी, आणि संकोच न करता गोळीचेही विचारावे.